दोन्या मिंगाचं उसनं स्पॅनिश

सकाळी तळ्यावर धुकं उतरलं की परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या आमच्या शाळेतल्या खोप्या दिसायच्या नाहीत, नुसते आवाज यायचे. कुठून तरी एखादा अमेरिकन पोरगा रडकुंडीला येऊन क्रियापद चालवत असायचा. कुठून तरी एखादी इंग्लिश बाई ‘र’ घोळवता घोळवता ठसकायची. आणि पाण्याच्या अगदी कडेला, एवोकाडोच्या झाडाखालच्या खोपीतून दोन्या मिंगाचा संथ आवाज यायचा, “काय पाहिलंत रात्री स्वप्नात?”

तिचा तास असाच सुरू व्हायचा. नाव दोमिंगा पुसुल, पण सगळं सान पेद्रो गाव तिला मानानं दोन्या मिंगा म्हणायचं आणि विद्यार्थी ‘बाई’ म्हणायचे. मी, चोन, तिच्या शेजारच्या खोपीत शिकवायचे. आमच्या शाळेत एका खोपीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाई आणि एक विद्यार्थी. मधे भिंती नाहीत, त्यामुळे एकीचं सगळं दुसरीला ऐकू यायचं. मी जे काही शिकवायला शिकले, ते बरंचसं तिच्या खोपीकडे कान देऊन.

स्वप्नं ती उगाच विचारायची नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांचं बहुतेक सगळं एकाच ‘गेलो’वर भागतं. आमच्याकडे ‘गेलो’ वेगळं आणि ‘जात होतो’ वेगळं. एक दार लावून घेतलेला भूतकाळ, दुसरा दार उघडंच असलेला. तो दुसरा त्यांच्या काही केल्या डोक्यात शिरत नाही. मिंगा म्हणायची, “स्वप्नात कुठलीच गोष्ट संपत नाही. घर असतं, पण ते आपलं नसतं. कोणी तरी येत असतं, पोचत नाही. म्हणून स्वप्न सांगायचं तर त्याच काळात सांगावं लागतं.” कोणी म्हणालं, मला स्वप्नच पडलं नाही, तर ती सोडायची नाही. “मग रचा. खोटं चालेल. काळ चुकलेला चालणार नाही.”

तिचं स्पॅनिश ऐकायला फार गोड होतं, पण ते तिचं नव्हतं. आमच्यातल्या कोणाचंच नाही. घरी आम्ही त्सुतुहिल बोलतो. मिंगा लहानपणी शाळेत गेली तेव्हा शहरातून आलेले मास्तर आपली भाषा बोलणाऱ्या पोरांना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवायचे. मिंगा बसली, पुन्हा बोलली, पुन्हा बसली आणि शेवटी शाळा सोडून वडिलांबरोबर खेकडे धरायला जाऊ लागली. पुढे राजधानीत एका घरी कामाला लागली. त्या घरात एक अंथरुणाला खिळलेली आजी होती. तिच्याशी बोलायला घरात कोणालाच वेळ नव्हता. आजी दिवसभर छताकडे बघत बोलायची आणि मिंगा तिचे पाय चेपत ऐकायची. पिठाच्या गिरणीवरची भांडणं, मेलेल्या बहिणी, पाहिलेली नि न पाहिलेली गावं. कुठली गोष्ट खरी आणि कुठली झोपेतली, हे आजीलाही माहीत नसायचं. मिंगाचं सगळं स्पॅनिश त्या खाटेपाशी आलेलं. म्हणून तिच्या बोलण्याला जुन्या पेटीतल्या कपड्यांसारखा वास होता. आजी गेली तेव्हा ती परत आली, लेंचोशी लग्न केलं आणि शाळा निघाली तेव्हा तिथे शिकवू लागली.

लेंचो म्हणजे तिचा नवरा, बोट चालवायचा. तळ्याच्या या काठावरून त्या काठावर माणसं, कोंबड्या, गॅसच्या टाक्या, काय असेल ते न्यायचा. तोंडानं फटकळ, पण बायकोपुढे मांजर.

मेरेडिथ आमच्याकडे आली ती वाऱ्याच्या महिन्यांत. मिनेसोटाहून आली होती, तिथे घोड्यांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. नाव परकं, जाकीट परकं, चालणंही परकं, पण चेहरा बघावा तर अगदी आमचा. तशीच रुंद गालफडं, तसेच सरळ काळे केस. बाजारात बायका तिच्याशी थेट त्सुतुहिलमध्ये बोलायला लागायच्या, “काय गं, कोणाची तू?” आणि ती कानापर्यंत लाल होऊन इंग्रजीत माफी मागायची. गावात काय ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. असे पूर्वीही एक-दोघे येऊन गेले होते. पण विचारलं कोणीच नाही.

ती मिंगाच्या वाट्याला आली. पहिले काही दिवस नेहमीसारखेच गेले.

“मी कॉफी आवडते,” मेरेडिथ म्हणाली.

“कॉफीला विचारलंत का?” मिंगा म्हणाली.

“म्हणजे?”

“तुम्ही कॉफीला आवडता की नाही ते तिला ठाऊक. आवडायचं काम तुमचं नाही हो, कॉफीचं आहे. तुम्ही नुसतं बसायचं. म्हणा, मला कॉफी आवडते.”

मेरेडिथ खूप हसली. दुसऱ्या दिवशी तासाला उशीर झाला म्हणून धावत आली आणि म्हणाली, “माफ करा बाई, मी फार कंटाळवाणी आहे.” तिला म्हणायचं होतं, आज उठायचा कंटाळा आला होता. ‘असणं’ आमच्याकडे दोन तऱ्हेचं. एक अंगचं, एक आल्यागेल्याचं. क्रियापद बदललं की आल्यागेल्या कंटाळ्याचा स्वभाव होतो. मिंगा म्हणाली, “छे छे, तुम्ही अजिबात कंटाळवाण्या नाही. आमच्या लेंचोला भेटा, मग कळेल कंटाळवाणं कशाला म्हणतात.”

स्वप्न मात्र ती सांगायची नाही. रचायचीही नाही. “पडत नाहीत,” एवढंच म्हणायची आणि तळ्याकडे बघायची.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की माझ्या टेबलावरची वही मला दिसत नव्हती. माझा विद्यार्थी यायचा होता. पलीकडे मिंगा वाक्यं करून घेत होती, सकाळच्या वाक्यांसारखीच, साधी. तुम्ही इथे काय करता? मी भाषा शिकते. तुम्ही काय शोधता?

“मी माझी आई शोधतेय,” मेरेडिथ म्हणाली.

“‘आई’ नाही, ‘आईला’,” मिंगा म्हणाली. “कंगवा शोधतात, चप्पल शोधतात. माणसाला शोधतात. स्पॅनिशमध्ये माणसाच्या आधी एक छोटासा ‘आ’ लागतो. इंग्रजीत नसतो, म्हणून तुम्ही सगळे विसरता. पण तो विसरलात तर माणूस आणि कंगवा एकच होतात. पुन्हा म्हणा.”

पाणी काठाला लागत होतं.

“मी माझ्या आईला शोधतेय,” मेरेडिथ म्हणाली आणि या वेळी तिचा आवाज फुटला.

मिंगाची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, एकदम वेगळा. “काय म्हणालीस, बाळा?”

मी माझ्या विद्यार्थ्याला फाटकातूनच परत पाठवलं. म्हटलं, आज धुकं आहे.

मेरेडिथला लहान असताना एका कुटुंबानं दत्तक घेतलं होतं. भली माणसं, त्यांनी काही लपवलं नव्हतं. जन्म देणारीचं नाव रोसेन्दा आणि ती तळ्यापलीकडच्या गावातली, एवढं तिला आधीपासून माहीत होतं. त्या गावाचे दिवे आमच्या शाळेतून दिसतात. म्हणजे ती इतके आठवडे आईच्या समोरच्या काठावर बसून क्रियापदं पाठ करत होती.

“मग गेली का नाहीस?” मिंगानं विचारलं.

“मला अजून बोलता येत नाही. एक वाक्य तरी बिनचूक यायला हवं.”

“कोणतं?”

मेरेडिथनं मान खाली घातली. “तुम्ही मला का दिलंत?”

मिंगा संध्याकाळी माझ्याकडे आली. मी चुलीवर मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळलेले तमाले लावले होते. तिनं सगळं सांगितलं, जे मी बरंचसं ऐकलंच होतं. लेंचोही मागोमाग आला.

“रोसेन्दा?” लेंचो म्हणाला. “एवोकाडोवाली? ती तर माझ्याच बोटीनं बाजाराला जाते की! अगं, मागच्या शुक्रवारी तिची टोपली मीच उचलून दिली.”

“स्पॅनिश येतं तिला?” मिंगानं विचारलं.

“माझ्याशी आपलंच बोलते. म्हातारी बाई, तिला कशाला येईल?” तो तमाला सोलू लागला. “सांगून टाक त्या पोरीला. ती तिकडे किल्ली घासत बसलीय आणि कुलूप भलतंच.”

पण पुढचे काही दिवस मिंगानं ते सांगितलं नाही. आपण शिकवतोय ते त्या मुलीच्या काहीच कामाचं नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार? ती शिकवत राहिली. आईला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, यावर एक पूर्ण तास गेला. इंग्रजीत सगळ्यांना एकच. मिंगानं सांगितलं, आमच्याकडे आईला ‘तुम्ही’. मेरेडिथला ते दूरचं वाटलं, परक्या माणसाला म्हणावं तसं. लेंचो तिथेच पायरीवर बसून दोर वळत होता. तो म्हणाला, “अहो, मी बोटीच्या इंजिनलासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतो. नाहीतर ते चालूच होत नाही. जवळच्यांनाच म्हणायचं असतं.”

मग एकदा पेला फुटला. मेरेडिथचं कोपर लागलं आणि पाण्याचा पेला खाली पडला. ती घाबरून म्हणाली, “मी पेला फोडला!”

“फोडला नाहीस,” मिंगा तुकडे गोळा करत म्हणाली. “फोडला म्हणजे रागानं भिंतीवर आपटला. म्हण, माझ्या हातून फुटला.”

“पण फोडला तर मीच ना?”

“फुटला पेला. तू जवळ होतीस. दुःख तुझ्या वाट्याला आलं.”

मेरेडिथ एकदम चिडली. इतक्या दिवसांत ती कधी चिडली नव्हती. “हे काय बाई? सगळं आपोआप होतं तुमच्याकडे! पेला फुटतो, बस चुकते, किल्ली हरवते. मग चूक कोणाची? कोणी तरी केलेलं असतंच ना?”

मिंगा तुकडे शालीच्या टोकात घेऊन उठली. मग म्हणाली, “बस, मेरेडिथ. तुला एक सांगायचंय. तुझ्या आईला स्पॅनिश येत नसेल बहुतेक. तिकडच्या बायका आपलीच भाषा बोलतात. मी आधीच सांगायला हवं होतं.”

वारा सुटायची वेळ झाली होती. दुपारचा शोकोमिल उठला की तळं काळं पडतं आणि बोटी काठाला येतात. मेरेडिथनं वही मिटली. मग म्हणाली, “मग ती भाषा शिकवा मला.”

मिंगानं पटकन मागे वळून पाहिलं. मी माझ्या खोपीतून ते पाहिलं. इतकी वर्षं या शाळेत शिकवत होती, नातवंडांची आजी झाली होती, पण शाळेच्या आवारात त्सुतुहिलचं नाव निघताच कोणी ऐकत तर नाही ना, हे तिनं आधी पाहिलं. मग ती माझ्याकडे बघून ओशाळली आणि हसली.

“शिकवते,” ती म्हणाली. “पण चोन, तू मास्तरीण होऊन मक्याचे दाणे आणू नकोस हं.”

तिनं मेरेडिथला त्या दिवशी एकच वाक्य शिकवलं. घरी परतणारं माणूस उंबऱ्यातून जे म्हणतं तेच. आले मी.

रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, लेंचोनं आम्हा तिघींना पलीकडे नेलं. मी का गेले, विचाराल तर मला राहवलं नाही. धुक्यात काठ दिसत नव्हता. लेंचो इंजिन मंद करून नुसत्या अंदाजानं चालला होता. बोट हलते आहे की तळं, कळेना. मेरेडिथ मिंगाच्या शालीत अर्धी शिरून बसली होती आणि ओठांतल्या ओठांत ते एकच वाक्य म्हणत होती. मधेच म्हणाली, “बाई, रात्री मी तुमचं स्वप्न पाहिलं.”

“‘तुमचं’ नाही,” मिंगा सवयीनं म्हणाली. “आमच्याकडे माणसाबरोबर स्वप्न पाहतात. तुमच्याबरोबर.”

“दोघांनी मिळून?”

“हो. म्हणजे मीही होते तिथे. काय करत होतो आपण?”

“काही नाही. पाण्यावर बसलो होतो. पाणी बुडवत नव्हतं.”

मिंगानं तिचा हात धरला. काळ बरोबर होता, म्हणून की काय कोण जाणे, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रोसेन्दाचं घर चढावर, कॉफीच्या झाडांत. लेंचोनं आदल्या दिवशी निरोप दिला होता. अंगण झाडून पाणी शिंपडलेलं होतं, पाइनच्या हिरव्या सुया अंथरल्या होत्या, जणू घरी सण होता. रोसेन्दा दारात उभी होती. नवा ब्लाऊज, वेणीत निळी फीत. माझ्याएवढीच उंच. त्या दोघी समोरासमोर आल्या आणि मी चेहरे पाहिले. मग मला कोणाकडेच बघवेना.

मेरेडिथनं तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य निघालं, पण उच्चार चुकला. रोसेन्दाला कळलं नाही, किंवा कळूनही खरं वाटलं नाही. मिंगा सांगायला पुढे झाली. तेवढ्यात रोसेन्दाच बोलली, आणि बोलली ती स्पॅनिशमध्ये. बाजारातलं, तुटकं, क्रियापदं वेडीवाकडी, पण स्पॅनिश.

“या. बसा. तुम्ही दमलात.”

लेंचोनं टोपी काढली. “अहो दोन्या रोसेन्दा, तुम्हाला हे कधीपासून येतं?”

कधीपासून, ते तिनं आतल्या खोलीत बसल्यावर सांगितलं. बाळंतपणानंतर तिला ताप भरला होता, नवरा उसाच्या मळ्यावर समुद्राकडे गेलेला. दूध नव्हतं. शहरातली एक बाई यायची, तिनं म्हटलं, बाळाला दवाखान्यात नेते, बरी झालीस की आणून देते. ती बाई परत आली नाही. ताप उतरल्यावर रोसेन्दा बसमध्ये बसून राजधानीत गेली. रस्त्यातल्या माणसांना विचारत फिरली, पण तिचं बोलणं कोणालाच कळेना. लोक तिला भीक घालू लागले. तीन दिवस चर्चच्या पायऱ्यांवर झोपून ती परत आली. त्यानंतर ती दर शुक्रवारी मोठ्या बाजाराला एवोकाडो घेऊन जायला लागली. एवोकाडो गावातही विकले जायचे. पण मोठ्या बाजारात शहरातली माणसं येतात आणि ती स्पॅनिश बोलतात.

“मला वाटायचं, मुलगी राजधानीत असेल,” ती म्हणाली. “तिकडे तेच बोलतात. कधी आली, तर तिच्याशी बोलायला मला यायला हवं.”

चुलीवर मक्याची पेज उकळत होती. रोसेन्दानं हात मांडीवर उताणे ठेवले, जणू त्यांत काही धरलं होतं आणि आता नाही.

“माझ्या हातून गेलात तुम्ही,” ती म्हणाली.

मिंगानं मान फिरवून मेरेडिथकडे पाहिलं. अर्थ सांगायची गरज नव्हती. तो ‘का दिलंत’चा प्रश्न, ज्याच्यासाठी ती आठवडेच्या आठवडे क्रियापदं घोटत होती, तिनं विचारलाच नाही. ती उठली, आईच्या पायाशी बसली आणि तिच्या उताण्या हातांत तोंड घातलं. रोसेन्दा तिचे केस चाचपत राहिली, आंधळ्यासारखी. नंतर दोघी जे बोलल्या ते अर्धं त्सुतुहिल, अर्धं स्पॅनिश आणि थोडं इंग्रजीही असावं. दोघींच्या चुका इतक्या, की मिंगानं एरवी दर वाक्याला थांबवलं असतं. त्या दिवशी तिनं एकही चूक दुरुस्त केली नाही. बाहेर ओट्यावर येऊन माझ्याजवळ बसली आणि धुकं विरताना बघत राहिली.

“चोन,” ती म्हणाली, “मला वाटायचं, हे स्पॅनिश माझ्याकडे उसनं आहे. परत कोणाला द्यायचं, कळायचं नाही.”

मेरेडिथ जाकीट आईकडे ठेवून मिनेसोटाला गेली आणि पुढल्या वर्षी परत आली. मग दर वर्षी येऊ लागली. मिंगानं शाळेच्या मालकांना स्पष्ट सांगितलं की एवोकाडोखालच्या खोपीत आता त्सुतुहिलही शिकवलं जाईल. मालक हसले. म्हणाले, “ती शिकायला कोण येणार?” पहिली मेरेडिथ आली. मग तिच्यासारखेच आणखी आले, एक आयोवाचा, एक कॅनडाची, आमचे चेहरे आणि परकी नावं घेऊन. कोणाला आई सापडली, कोणाला नुसतं गाव सापडलं, एकाला थडगं. मिंगा सगळ्यांना स्वप्नं विचारायची. आता दोन भाषांत.

गेल्या वर्षी मी तिच्याबरोबर पलीकडे गेले होते. रोसेन्दाकडे जेवण होतं. मेरेडिथ चुलीपाशी मक्याच्या तोर्तिया थापत होती आणि रोसेन्दा तिच्यावर करवादत होती. हे काय थापतेस, जाड किती, तुझ्या घोड्यांना घालणार आहेस का, पाणी लाव, पाणी! सगळं त्सुतुहिलमध्ये, भराभर, एक शब्द स्पॅनिशचा नाही. मेरेडिथ तसंच फटाफट उलट उत्तर देत होती, तेही आपल्या भाषेत, मिनेसोटाच्या हेलात. लेंचो माशाचे काटे काढत हसत होता.

मिंगाला दोघींच्या मधे बसायची सवय होती, इकडचं तिकडे सांगायला. पण त्या दुपारी सांगायला काही उरलंच नव्हतं. थोडा वेळ ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकली. तळ्यावर वारा उठत होता, चुलीचा धूर दारातून आडवा जात होता आणि दोन्या मिंगा बसल्या बसल्याच झोपी गेली.